अकरा हिरवे कोंब

४ मार्च २०१६

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा फोनवर तू मागच्या वर्षीची मापं तोंडपाठ म्हणायला लागलास म्हणून मी मध्येच फोन ठेवला. राग मानू नकोस. तोंडी आकडा मी कधीच धरला नाही. प्रयोगशाळेत तीस वर्षं लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या, त्या सगळ्या वह्यांत आहेत. तुझे आकडेही कागदावर हवेत, तुझ्या सहीचे.

नव्या वाणांच्या नोंदणी मंडळाचा अर्ज आणला. शेवटची तारीख ३० जून. होस्टाचं बी पेरलं त्याला चौदा वर्षं झाली. चारशे रोपं उगवली. बहुतेक साधी हिरवी. काही दुधासारखी पांढरी, ती आठवड्याभरात मेली. सातव्या क्रमांकाचं रोप तेवढं मी ठेवलं. त्याच्या पानांवर कसेही पट्टे होते. ते सरकून कडेला जाऊन बसायला सहा वर्षं लागली. हे तुला माहीत आहे, पण अर्जात लिहायचं म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. दूधवाल्यालाही सांगून झालं.

होस्टा लावतात ती सावलीत पानांच्या शोभेसाठी, पण त्या पानाला फिकट कड असणं ही मोठी गोष्ट नाही. ती टिकणं मोठी. झाडाच्या मनात आलं की ते एखादा साधा हिरवा कोंब काढतं. हिरवा कोंब जोमदार असतो. चार-पाच वर्षांत तो कड असलेल्या कोंबांना गिळून टाकतो. म्हणून मंडळ विचारतं, दुसऱ्याच्या बागेत तीन वर्षांत हिरवे कोंब किती आले. माझ्याकडे पहिल्या वर्षी तीन आले, गेल्या वर्षी एकही नाही. तुझ्याकडच्या सहा झाडांना दोन्ही वर्षं शून्य. त्या शून्यावर मी उभी आहे.

मे महिन्यात पानं पूर्ण उघडली की मापं घे. फोटो काढ, पण तुझ्या स्टुडिओतली हातचलाखी नको. गिऱ्हाइकांच्या गालावरचे डाग खुशाल काढ. माझ्या पानाला गोगलगायीनं पाडलेलं भोक तसंच दिसू दे.

वहिनीला सांग, लोकर मिळाली. लोभ आहे तेवढा पुरे, मापं वाढीव नकोत.

तुझी,
ताई


१९ मे २०१६

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. नमस्कार.

हुकमाप्रमाणे पट्टी, वही आणि चष्मा घेऊन अंगणात दोन सकाळी बसलो. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी कुंपणावरून विचारलं की कपडे शिवायचे आहेत का झाडाला.

पानाची लांबी चोवीस सेंटीमीटर, रुंदी सतरा. शिरांच्या जोड्या अकरा. एका पानात बारा भरल्या, पण तीनदा मोजल्यावर अकराच. कडेची रुंदी दोन ते अडीच. तू पाठवलेलं रंगपत्र कडेला धरून पाहिलं, पण जमेना. पिवळा म्हणावा तर नाही, पांढरा म्हणावा तर नाही. दूध तापवून ठेवल्यावर वर जी साय धरते, तो रंग. कोंब चार झाडांना पाच-पाच, दोघांना नऊ-नऊ. हिरवे कोंब शून्य.

फोटो बारा पाठवतो आहे. भोकं आहेत.

नावाचं काय ठरलं? हिनं सुचवलं की तुझंच नाव द्यावं. मी म्हटलं, मग ते झाड कुणाचंच ऐकणार नाही.

प्रकृती सांभाळ. गुडघ्यांवर बसून खणू नकोस. धाकट्यावर लोभ असू दे.

तुझा,
बारक्या


२८ मे २०१६

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मापं उत्तम. माझ्या मापांशी अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. नाव तू न विचारता दिलंस: साय. अर्जात तेच लिहिलं.

एक गोष्ट जुळत नाही. माझी माती चिकट, सावली अपुरी, तरी माझ्या प्रत्येक झाडाला नऊ कोंब आहेत. तुझी माती माझ्याहून चांगली. आपण सारख्याच आकाराचे तुकडे लावले होते. मग तुझ्या चार झाडांना पाचच कसे? पाणी कमी पडतं का? पानं बघता अंगणात उपासमार दिसत नाही.

तू मला बरं वाटावं म्हणून सगळं ठीक असंच लिहिणार, म्हणून आजच वहिनीलाही वेगळं पत्र टाकते आहे. चहाडी समजू नकोस, चौकशी समज.

कोंबांइतका नाही, पण लोभ आहे.

तुझी,
ताई


५ जून २०१६

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पाण्याची काळजी करू नका. हे रोज सकाळी स्वतः घालतात, मला नळीला हात लावू देत नाहीत. दिवाणखान्यातली कुंडी वाळून कोळ झाली तरी चालेल, ताईच्या झाडांना पाणी हवं. झाडं ठणठणीत आहेत. रोज एकदा तरी त्यांची साफसफाई होते. वाळकं पान दिसायची सोय नाही.

उलट मलाच तुम्हाला विचारायचं होतं. हे दर वसंतात त्या झाडांतून काही कोंब मुळापासून काढून टाकीमागे टाकतात. सोबत मुळं असतात, जिवंत असतात. मला टाकवेना. मी उचलून रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावत गेले. जिन्याखाली सावली आहे, तिथे छान धरली. पहिल्या वर्षी एकच होता, मग चार, यंदा सहा. असे अकरा डबे झाले आहेत. सगळी पानं गर्द हिरवी, कड नावालाही नाही, पण वाढ अशी की डबे फुटायला आले. यांनी अजून पाहिलेले नाहीत. जिन्याखाली हे कधी वाकतात?

यांनाही तुम्ही काही नाव दिलं आहे का? नसेल तर दोन डबे माझ्या बहिणीला देईन म्हणते.

लोकरीचं काय विणलंत ते कळवा. तुमचा लोभ असाच राहो, आम्हाला तो पुरवून वापरता येतो.

तुमची,
वहिनी


९ जून २०१६

बारक्या,

वहिनीचं पत्र आलं. जिन्याखाली वाकून बघ.

एक, चार, सहा. तू मला शून्य, शून्य, शून्य लिहिलंस. सहीनिशी.

वहिनीला बोलायचं नाही. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि या सगळ्यात खरं तिनंच लिहिलं.

ताई


१४ जून २०१६

ती. ताईस,
शि. सा. न.

वाकून पाहिलं. बराच वेळ तिथेच बसलो. ही जिन्यावरून उतरली आणि माझं तोंड पाहून तिनं विचारलं की विंचू निघाला का. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी मला सांगायचं होतं, मी तरी डबे लपवले असते. मग ती रडायला लागली, की वन्संचं चौदा वर्षांचं काम आपण मोडलं. तिनं नाही, मी.

पहिल्या वसंतात एक आला. तुझं पत्र त्याच दिवशी आलं होतं, तुझ्याकडे तीन आल्याचं. चार ओळींचं पत्र. तू एरवी चार पानं लिहितेस. मला वाटलं, एकानं काय होतंय. चाकूनं काढला, जखमेवर माती ओढली. पुढच्या वर्षी चार आले. ते कळवायचे तर आधीचा एकही कळवावा लागला असता. यंदा सहा आले तेव्हा मी विचार करणंच सोडलं होतं. सकाळी उठायचं, बघायचं, काढायचं.

माझा धंदाच तो. माणूस समोर बसतो, चेहऱ्यावर देवीचे व्रण असतात, मी ते काढतो, तो खूश होऊन जातो. त्याला आरशात काय दिसतं ते मी कधी विचारलं नाही.

एक सांगतो. कोणत्या झाडातून किती काढले ते स्टुडिओच्या वहीत लिहिलेलं आहे. खोटं बोललो, पण मोजून बोललो. पहिलं झाड चार, दुसरं दोन, चौथं तीन, सहावं दोन. तिसऱ्या आणि पाचव्या झाडानं एकदाही हिरवा काढलेला नाही. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव.

लोभ उरला असेल तर तेवढाच असू दे. जास्त मागत नाही.

बारक्या


२२ जून २०१६

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोन दिवस फोडलं नाही. तिसऱ्या दिवशी फोडलं आणि वही काढली.

वहिनीला सांग, काम मोडलेलं नाही. झाडं आहेत तशीच आहेत, फक्त आता मला ती कशी आहेत ते कळलं. अर्ज यंदा जाणार नाही. मंडळाला कळवलं की आधी दिलेली दुसऱ्या बागेतली माहिती चुकीची होती. कुणाची चूक ते त्यांनी विचारलं नाही, मी लिहिलं नाही.

तिसरं आणि पाचवं. तुझ्या वहीवर मी विश्वास ठेवते. फसवायचंच असतं तर सहाही झाडं साफ म्हणाला असतास. बाकीची चार खण आणि ज्याला हवी त्याला दे, नाव न सांगता. माझ्याकडचीही ज्यांनी हिरवं काढलं ती तीन मी उपटली. सप्टेंबरात तिसऱ्याचे आणि पाचव्याचे तीन-तीन तुकडे कर. पुन्हा सहा झाडं, पुन्हा तीन वर्षं. तोवर मी एकाहत्तर. डॉक्टर म्हणतात, गुडघे कुरकुरतील, बाकी चालेल. खणायला गुडघे कमी लागतात, हट्ट जास्त लागतो.

मोजणी वहिनीकडे सोपव असं मला इथली बागवाली मैत्रीण म्हणाली. नाही सोपवणार. आकडे तूच पाठवायचे. हिरवा आला तर हात लावायचा नाही, फोटो काढायचा आणि त्याच दिवशी मला लिहायचं. मी चार ओळींचं उत्तर पाठवलं तरी लिहायचं. मला वाईट वाटेल. ते माझं मी बघेन. तुझ्या चाकूचं ते काम नाही.

दोन डबे वहिनीच्या बहिणीला जाऊ देत. चांगली झाडं आहेत ती, नुसती माझी नाहीत.

लोभ कापला तरी फुटतो, हे लक्षात ठेव.

तुझी,
ताई


३ मे २०१९

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. नमस्कार.

गेल्या दोन वर्षांचे आकडे तुझ्याकडे आहेत, दोन्ही शून्य, दोन्ही खरे. हा तिसऱ्या वर्षाचा.

सहा झाडांना मिळून एकावन्न कोंब. त्यांतले पन्नास कड असलेले. एक हिरवा. जुन्या पाचव्या झाडाचा मधला तुकडा, त्याच्या उत्तरेच्या अंगाला.

आज सकाळी दिसला. अजून पूर्ण उघडलेला नाही, पण शंका नको. मी स्वयंपाकघरात गेलो, चहा केला, प्यायलो नाही. परत आलो. ही शेजारी येऊन उभी राहिली. मग आत जाऊन कॅमेरा घेऊन आली.

एकावन्नात एक काढला असता तर तुलाही कळलं नसतं. या वेळी कोंबांची संख्याही जुळली असती. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

हात लावलेला नाही. फोटो सोबत आहे. तू आता किती ओळींचं उत्तर पाठवशील ते पाठव.

लोभ असावा, आकडा काहीही असो.

बारक्या


२६ जून २०१९

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. चार ओळींचं लिहून फाडलं, म्हणून.

वाईट वाटलं. दोन दिवस बागेत गेले नाही. मग गेले आणि पाहिलं तर झाड तेच होतं. चौदा आणि तीन, सतरा वर्षं त्याला मी पाहते आहे. ते एकावन्नात एकदा हिरवं होणारं झाड आहे. तसंच लिहायचं ठरवलं.

अर्जाचा मसुदा नेऊन दिला. नोंदणीबाई भल्या आहेत. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या की शेवटची ओळ वगळा, कुणीच अशी ओळ लिहीत नाही, सगळ्यांच्या झाडांना हिरवे कोंब येतात आणि सगळे गुपचूप काढतात, घेणारे उगीच घाबरतील. मी म्हटलं, घाबरू देत, निदान चार वर्षांनी फसल्यासारखं वाटणार नाही. त्या म्हणाल्या, मंडळ कदाचित परत पाठवेल. मी म्हटलं, मग मी पुन्हा आणून देईन, माझा रस्ता पाठ झाला आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि शिक्का मारला. काल मंडळाचं पत्र आलं. ओळीसकट मंजूर. छापील प्रत अशी:

साय. आई: पट्टेरी पानांची, घरच्या बागेतली. बाप: निळसर पानांचा. वाढ मध्यम. पान हृदयाच्या आकाराचं, लांबी चोवीस सेंटीमीटर, रुंदी सतरा, शिरांच्या जोड्या अकरा. मधला भाग गर्द हिरवा, कड सायीच्या रंगाची, दोन ते अडीच सेंटीमीटर. फुलं जुलैत, फिकट जांभळी, वास नाही. दांडा साठ सेंटीमीटर. दोन बागांत पाहिलेली. पैकी एका बागेत तीन वर्षांत एकावन्नात एक कोंब हिरवा. असा कोंब दिसल्यास त्याची नोंद करावी आणि तो बुडाशी कापावा.

बागांची नावं छापत नाहीत, नाही तर तुझं आलं असतं. निरीक्षक म्हणून मात्र एक जागा होती, तिथे मी तुझं लिहिलं. त्यांनी तुझा धंदा विचारला, तोही सांगितला.

वहिनीला आशीर्वाद. लोभ ठेव, माझा आहेच.

नोंद झाली आहे. आता तो कोंब काप.

तुझी,
ताई