एसटीत बसलेलं गाव

तीर्थस्वरूप हिंदुराव दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सर्जेरावचा, दंडवत. तुमची शुगर ताब्यात असेल आणि शकाअक्का तुमच्या ताटात भात हात राखूनच वाढत असेल, अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं तर तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. (फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि नेमकं तेच बोलता.)

दाजी, आमच्या अमरजीतसाठी स्थळ आणायला तुम्ही किती जोडे झिजवले ते मला ठाऊक आहे. मुलीचा बाप पोराचं शिक्षण नंतर विचारतो. आधी विचारतो, गावात एसटी येते का आणि माणसं राहतात का. गाव गजबजलेलं आहे, एसटी रोज येते, असं मी तुमच्यामार्फत कळवलं होतं. एसटी येते हे खरं, पण रिकामी येते आणि रिकामी जाते. अर्धं गाव कुलूप लावून पुण्याला गेलंय. म्हणून डेपोतून निरोप आला, की साहेब स्वतः गर्दी बघतील आणि मग फेरी ठेवायची का ते ठरवतील. मी सरपंच. ग्रामसभेत मिशीवर हात फिरवून सांगितलं, की झाडून सगळ्यांनी एसटीत बसायचं, तालुक्याला चहा प्यायचा आणि त्याच गाडीनं परत यायचं. साहेबांचा दिवस ऐनवेळी गुरुवारवर ढकलला गेला. पाव्हणेही गुरुवारीच घर बघायला येणार होते, पण जेवायच्या वेळेला. तोवर परत येऊ, असा माझा हिशेब. (माझे हिशेब तुम्हाला माहीत आहेत.)

गाव लग्नाला निघाल्यासारखं नटून आलं. ठकूबाईनं शेळीही आणली, गर्दीत तेवढीच भर म्हणून. एसटीचं दार लागेना. खाली एक चष्मेवाले गृहस्थ आत यायला धडपडत होते, त्यांना मीच ढकललं. म्हटलं, "ओ पाव्हणं, पुढच्या गाडीनं या!" (पुढची गाडी नसतेच.) तेच डेपोचे साहेब होते.

खिंडीच्या चढावर इंजिन तापलं आणि गाडी बसली. आम्ही रस्त्याकडेला ताटकळत होतो, तेव्हा तुमचे पाव्हणे जीपमधून ठरल्यापेक्षा लवकर गावात पोचले होते. घरोघर कुलपं. पारावर फक्त गुडघ्यांनी जायबंदी झालेली हौसाआत्या, आणि शेजारी ते साहेब. गाव कुठं गेलं, असं पाव्हण्यांनी विचारलं.

"समदी एस्टीत बसाय गेल्यात."

"कुठं निघालेत?"

"कुठंच न्हाई ओ. नुस्तं बसाय. येरवी गाडी रिकामीच अस्तीया. पोरगं गुनाचं हाय, पर गावात ऱ्हायलंय कोन?"

आत्या आयुष्यात कधी खोटं बोलली नाही, आणि तिला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं. साहेब पाव्हण्यांच्याच जीपमधून परत निघाले. खिंडीत आम्हाला पाहून जीप हळू झाली, साहेबांनी बोट करून मला दाखवलं, मुलीच्या बापानं आधी मला आणि मग अमरजीतला पाहिलं, आणि जीप गेली. पोरगं एवढंच म्हणालं, "नाना, चला पायी." दाजी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाणपण माझं, आणि मान पोराची खाली गेली.

असो. अक्काला नमस्कार सांगा आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नका.

आपला, सर्जेराव

ता. क. : फेरी चालू राहिली. साहेब म्हणाले म्हणे, "जे गाव एसटीसाठी एसटीत बसतं, त्याची एसटी कशी तोडू?" सोमवारपासून गाडी पुन्हा रिकामी.

ता. क. २ : पोरगा पसंत आहे, पण पुण्यात राहणार असेल तरच, असं मुलीकडच्यांकडून अक्काला कळलंय. तेव्हा तुमच्या पुण्याच्या कारखान्यात त्याला कुठंही चिकटवा. गाव सोडेल त्याच्या घरी पाणीसुद्धा पिणार नाही, असं मी ग्रामसभेत बोललोय, तेव्हा हे इथं कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. तो सकाळच्या एसटीनं निघेल. खिडकीची जागा धरायला मी जाईन म्हणतो. धरायची गरज नाही, हे मला कळतंय.