निळ्याच्या गावात तीन तीरंदाज

ता. ४ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. कान तेवढे गेले ते गेलेच. कापड कारखान्यात मागांच्या खडखडाटात एकतीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसताच हो हो करत होतो, तू काय म्हणालीस त्यातलं अक्षर कळलं नाही. तेव्हा आपलं हे कागदाचंच बरं.

काम असं आहे. उन्हाळ्यात आलीस तेव्हा आमच्या चिरंजीवांचा, भोंग्याचा, जुना संगणक सुरू करून दिलास आणि तो राज्यांचा खेळ शिकवलास, आधी एकानं खेळी करायची, मग दुसऱ्यानं, तो. तेव्हापासून सोप्या पातळीवर रोज थोडा खेळतो. गेल्या आठवड्यात त्यावर एक आमंत्रण येऊन पडलं. भोंग्याचं! तीन वर्षांत त्यानं मला एक ओळ लिहिलेली नाही. आमंत्रणाखालीही एवढंच विचारलं होतं, की झेपेल का.

डाव सगळ्यात अवघड पातळीवरचा आहे. तो निळा, मी हिरवा, बाकी तीन राजे संगणकाचे. दिवसाला साधारण एक खेळी. ज्याचं शेवटचं शहर पडलं तो बाहेर, पुन्हा आत घेणं नाही. मी हो कळवून बसलो आहे आणि आता मला भीती वाटते. बाहेर पडलो तर तो पुन्हा बोलावेल असं मला वाटत नाही. त्याच्या माझ्यात आता एवढंच उरलं आहे.

तेव्हा मरायचं कसं नाही ते मला शिकव. जिंकायचं नाहीच आहे. पाचव्या खेळीला रानटी टोळीनं माझा एकुलता एक मजूर पळवून नेला आणि माझा शिपाई शेजारी उभा राहून बघत होता.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
मामा


ता. ११ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

दातांच्या दवाखान्यांतून दुरुस्तीला आलेल्या तीन कवळ्या बाजूला ठेवून आधी तुमचं पत्र वाचलं, तेव्हा कुणाचं तरी जेवण तुमच्यामुळे अडलंय. मामा, तुम्ही सरळ हो म्हणालात? मला विचारायचं तरी! त्या पातळीवर मी स्वतः चार वेळा चाळिसाव्या खेळीच्या आत आडवी झाले आहे.

आता नीट ऐका. म्हणजे वाचा. या पातळीवर संगणकाचे राजे सुरुवातीलाच दोन शहरं आणि पाचसहा शिपाई घेऊन बसतात. तुमच्याकडे एक शहर आणि एक दांडकेवाला. त्यांच्याशी बरोबरी करायला गेलात की संपलात. ते पुढे असणार, असू द्या. शंभराव्या खेळीपर्यंत फक्त जिवंत राहायचं, मग त्यांचा वेग मंदावतो आणि आपण त्यांना गाठतो. आधी एक टेहळ्या पाठवून शेजारी कोण आहे ते बघा. मग तीरंदाज, आणि त्यानंतरच दुसरं शहर, तेही टेकडीवर, नदीकाठी. मोठमोठ्या वास्तू बांधायच्या नाहीत म्हणजे नाहीत, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. आणि राजधानी रिकामी सोडायची नाही. संगणकाला रिकामं शहर दिसलं की तो बाकी सगळं सोडून तिकडेच वळतो.

भोंग्या माझ्याशीही धड बोलत नाही. लहानपणी रडायला लागला की चार घरं गोळा करायचा, आणि आता हे असं. लिफ्ट दुरुस्तीचं काम चालू आहे, एकटाच राहतो, एवढं त्याच्या मित्राकडून कळतं. मामी दवाखान्यात होती त्या अकरा दिवसांत तुमच्या सांगण्यावरून मीही त्याला काही कळवलं नाही. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याचा राग माझ्याही वाट्याला आला आणि तो बरोबरच आहे, असं मला वाटतं.

खेळाच्या खाली निरोपाची चौकट असते. तिथे लिहिलेलं त्याला दिसतं. लिहून बघा ना.

तब्येतीची हेळसांड करू नका, नाहीतर मी येऊन उभी राहीन.

तुमची
खारूताई


ता. २४ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचविसावी खेळी झाली आणि तुझा मामा अजून उभा आहे. तीन तीरंदाज तयार आहेत. तुझं सगळं ऐकलं, एक सोडून. दुसरं शहर टेकडीवर न वसवता खाली मैदानात वसवलं, निळ्याच्या हद्दीला लागून. तिथून त्याची शेतं दिसायची. चार खेळींत पिवळ्या राजानं ते उचललं. तू ओरडणार म्हणून आधीच कबूल करतो, मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

माझी एक खेळी दीड तास चालते. कारखान्याची सवय, दुसरं काय. धागा तुटला की माग थांबवायचा आणि सगळं तपासल्याशिवाय पुन्हा चालू करायचा नाही. माझं झालं की पडद्यावर पाटी येते, दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहोत. मग दिवसभर तीच. मी पडदा बंद करत नाही. भात शिजत असतो, कपडे वाळत घालत असतो, मधूनच मान वळवून बघतो. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पाटी बदलते. म्हणजे चिरंजीव कामावरून घरी पोचले. तो घरी किती वाजता येतो हे मला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं.

गेल्या गुरुवारी ती बदललीच नाही. ताट तसंच झाकून ठेवलं. लिफ्टच्या कामात काय काय होऊ शकतं ते सगळं डोक्यात येऊन गेलं. शुक्रवारी सकाळी बदलली तेव्हा मी खुर्चीत एकटाच मोठ्यानं हसलो. वेडा म्हणायलासुद्धा घरात कुणी नव्हतं.

चौकटीत चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. काय लिहू? तुझ्या मामीनंच सांगितलं होतं की त्याची नवी नोकरी आहे, उगाच धावत येईल, कळवू नका. मला वाटलं होतं, आठवड्यात घरी येईल ती. पण हे त्याला सांगायला गेलं की सगळं तिच्यावर ढकलल्यासारखं होतं. ठरवलं मीच होतं.

थंडी आहे, गरम कपडे घाल. पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझा
मामा


ता. ९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे. एकेचाळीस खेळ्या झाल्या, म्हणजे तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढेच! पिवळा मधे एकदा राजधानीवर चालून आला होता, त्याला तीन तीरंदाजांनी तटावरून परतवलं. तू असतीस तर शिट्टी मारली असतीस.

पण आता पेच पडला आहे. नदीच्या उतारापाशी निळ्याचं एक छोटं गाव आहे. त्यात एकही शिपाई नाही, रिकामं. आणि पिवळ्याचे सहा जण तिकडे निघालेत. भोंग्याला दिसत नाही की काय? कामावरून दमून येतो, घाईघाईत खेळतो, निसटलं असेल लक्षातून. तुझं उत्तर यायला आठ दिवस लागतील आणि पिवळा दोन खेळींवर आहे.

म्हणून मी माझे तिन्ही तीरंदाज त्या गावात पाठवले. आमचा आपसांत तह आहे, त्यामुळे त्याच्या गावात मला जाता येतं. माझी राजधानी रिकामी पडली हे मला कळतं. पण माझा मुलगा लुटला जात असताना मी तटावर बसून बघू काय?

पुढचं पुढच्या पत्रात. मामावर चिडू नकोस.

तुझा
मामा


ता. १३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

अहो, काय करून बसलात! परत बोलवा त्यांना, आत्ताच्या आत्ता!

तो कसला विसरतोय? ते गाव त्यानं मुद्दाम रिकामं ठेवलं असणार. लहानपणापासून माझ्याशी हेच करत आलाय. गाव मोकळं सोडायचं, शेजारच्या रानात घोडेस्वार दडवायचे आणि लुटायला आलेल्याला मधेच गाठायचं. आता तिथे तुमचे तीरंदाज दिसले की पिवळा ते गाव सोडणार आणि सरळ तुमच्या राजधानीकडे वळणार. रिकामं शहर, मामा. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

हे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हे मला कळतंय. तरी लिहिल्याशिवाय राहवेना. चिडले नाही. रडू येतंय, पण चिडले नाही.

काही झालं तरी लगेच कळवा.

तुमची
खारूताई


ता. २० फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लिहिलंस अगदी तसंच झालं. पिवळा वळला. तीरंदाज परत निघालेत, पण अजून तीन खेळ्या लांब आहेत आणि पिवळ्याचे सहाही जण माझ्या वेशीला टेकलेत. त्याची पुढची खेळी झाली की संपलं.

पण ते जाऊ दे. माझी खेळी चौदा तारखेला झाली, त्यानंतर भोंग्यानं खेळी केलेलीच नाही. सहा दिवस तीच पाटी. साडेसात वाजतात, आठ वाजतात, ती तशीच. आजारी आहे का? पडला कुठून? की मी त्याचा बेत उधळला म्हणून खेळच टाकून दिला? टाकला असेल तर टाकू दे. तो बरा आहे एवढं मला कळायला हवं. मला फोनवर ऐकू येत नाही ग, नाहीतर मीच केला असता. त्याच्या त्या मित्राला विचार आणि एका ओळीचं का होईना, पत्र टाक. दोन दिवस मी चूल पेटवली नाही, चहाबिस्किटावर भागवतो आहे, हे तुला सांगणार नव्हतो.

तुझा
मामा


ता. २६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

खारूताईचा फोन आला. मी बरा आहे, कामावर जातो आहे. तुम्ही जेवत जा.

ते गाव मी मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. तुमचे तीन तीरंदाज त्यात येऊन उभे राहिलेले दिसले तेव्हा मला इतका संताप आला, की मी संगणक बंद करून बाहेर चालायला गेलो. खाली निरोपाची चौकट होती, बाबा. एक ओळ विचारायची होती. तुम्ही विचारत नाही. माझं भलं कशात आहे ते तुम्ही एकटेच ठरवता, मग ते करूनही टाकता, आणि मला सगळं संपल्यावर कळतं.

परत आलो आणि पुन्हा बघितलं. तुमच्याकडे होते तेवढे सगळे तुम्ही पाठवले होते. एकही मागे ठेवला नव्हता.

माझे घोडेस्वार तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. सगळ्या वाटांनी मोजून झालं. रोज कामावरून येतो, मोजतो आणि तसाच उठतो. मी खेळी संपवायचं बटण दाबलं की पाळी पिवळ्याची. तुम्ही बाहेर. म्हणून दाबलेलं नाही. आज बारा दिवस झाले. मी दाबत नाही तोवर तुमचं शहर उभं आहे.

पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. म्हणून लिहिलं.

भोंग्या


ता. ४ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे झुकतं. पत्र आलं त्या दिवशी भातपिठलं केलं आणि पोटभर जेवलो.

तू म्हणतोस ते खरं आहे. मी विचारलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. आता एक सांगतो, ते खारूताईलाही ठाऊक नाही. तुझी आई नको म्हणाली होती हे खरं, पण सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं होतं की मुलाला बोलावून घ्या. ऐकू येत नाही म्हणून लिहून दिलं. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि पाच दिवस खिशातच ठेवला. मला वाटायचं, तुला बोलावलं की ती जाणार हे पक्कं होईल. बोलावलं नाही तोवर ती आहे. तू बारा दिवस जे करतो आहेस तेच मी पाच दिवस केलं, बाळा. त्यानं काही थांबलं नाही. फक्त तू पोचला नाहीस. ही माझी चूक आहे, तिची नाही, आणि मी तुझी क्षमा मागतो.

म्हणून ते बटण तसं धरून ठेवू नकोस. दाब. पण एकट्यानं नको. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसातला मी इकडे पडद्यासमोर बसतो, तू तिकडे बस. शहर पडायचं ते पडेलच. या वेळी तुला आधी कळवतो आहे, म्हणजे तेव्हा आपण दोघंही तिथे असू.

चालेल का? तुला विचारतो आहे. नको असेल तर नको म्हण.

राग असेल तेवढा ठेव, त्याच्या शेजारी थोडा लोभही असू दे.

तुझा
बाबा