नारिंगी की राखाडी

२० जानेवारी
भाताच्या भांड्यात गंजाचं पाणी! छपराने राम म्हटला.

बू मिस्त्री वर चढला, पत्र्यातून बोट आरपार घालून दाखवलं. "काका, हे छप्पर नाही, चाळण आहे." खाऱ्या वाऱ्यात साधा जस्ताचा पत्रा टिकत नाही म्हणे. ॲल्युमिनियमचा लेप असलेला घ्या, आणि स्क्रू स्टेनलेसचेच. मागच्या वेळी पत्रा बरा होता, स्क्रू साधे — गंज तिथूनच धरला. रंग राखाडी. आत्ताचा नारिंगी उन्हाने विटतो, शिवाय या जातीचा नारिंगी आपल्या जेजू बेटावर मिळत नाही, बोटीने मागवावा लागतो.

मला राखाडी आवडला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको, छुनओक, ओरडली, "नारिंगी!" जन्मभर समुद्रात शंख-शिंपल्यांसाठी बुड्या मारून कान गेलेत तिचे, पण नको ते बरोबर ऐकू येतं.
"का गं?"
"का म्हणजे? नारिंगी."

घाई करायला हवी. २५ला घरचे देव वर जाणार, १ला नवे खाली येणार. हात लावायचा तो मधल्या दिवसांतच. देव घरात असताना छपरात खिळा ठोकला, तर घरातलं माणूस अंथरूण धरतं.

२२ जानेवारी
अबोला. मुळ्याच्या किमचीची वाटी माझ्यापुढे आदळली, तेवढाच आवाज.

भांडण रंगाचं नाहीच खरं तर. शरद ऋतूत ती पाण्यातून वर यायला उशीर झाला. सोबतच्या बायकांनी ओढून काढली. ओठ निळे. मी म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "श्वास माझा आहे, तुझा नाही." आमच्या सांगहुनची बायको, सून मिरान, वर्षभर तिच्याबरोबर समुद्रात शिकतेय, तेवढाच धीर. पण पोर नवखी, ती काय सांभाळणार? रोज सकाळी बांधावर बसतो आणि पाण्यावरचे तरंगे मोजतो, एकेका बाईचा एकेक तरंगता गोळा. एक कमी दिसला की पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

२३ जानेवारी
नारिंगी. आज एवढंच बोलली.

२४ जानेवारी
छुनओक डोकेदुखीची पुडी घरी विसरली, म्हणून पोचवायला गेलो. बुडीवाल्या बायका शेकोटीला बसतात, तिथे पुरुषाने आत जायचं नाही. भिंतीबाहेर उभा राहिलो. त्यांची म्होरकी ओबाई आतूनच म्हणाली, "काय हो सांगहुनचे बाबा, छप्पर राखाडी करताय म्हणे? मग आम्ही खडक काय तुमच्या टकलावरून ओळखायचा?"

आत हशा. मग कुणीतरी तिला दटावलं. खडकांच्या खुणा बाहेर सांगायच्या नसतात — नवऱ्यालाही!

आता कळलं. समुद्रातून बघताना डोंगराच्या खाचेखाली आमचं छप्पर आलं, की त्या जागी पाण्याखाली तो लांबचा खडक, मोठ्या शिंपल्यांचा. किनाऱ्यावरची बाकी घरं पांढरी-राखाडी झाली. नारिंगी आमचं एकच उरलंय.

वाट धरली आणि मनात पाप आलं. राखाडी घातलं तर खडक सापडणार नाही. सापडला नाही तर ती तिथे जाणार नाही. किती सोपं!

२५ जानेवारी
सकाळी देव गेले. मी बांधावर जाऊन बूला फोन केला — राखाडी.

परत आलो तर ती अंगणात बसून रबरी सूटला ठिगळ लावत होती. चष्मा नाकावर, जीभ दातांत. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती पाण्यातून हे घर शोधत आलीय. आणि मी तेच तिच्यापासून लपवायला निघालो! लाज वाटली. तिने थांबावं असं मला वाटतं. पण थांबायचं तर तिने थांबावं, मी वाट पुसून नव्हे.

पुन्हा फोन. बू वैतागला, "काका, एकदाचं ठरवा! देव परत यायचे!" नारिंगी मागवला.

२९ जानेवारी
वारा. बोट नाही. बू पाय आपटतोय, मी नखं खातोय.

३१ जानेवारी
पत्रे आले. दिवसभर ठोकाठोक. मिरानने शिडी धरली. छुनओक कमरेवर हात ठेवून बघत होती. "डावीकडे वाकडं आहे." नव्हतं. संध्याकाळी भाजलेला सगळ्यांत मोठा शंख माझ्या ताटात टाकला. "गप खा."

१ फेब्रुवारी
काम वेळेत झालं. मी सूप पीत होतो.
"कुणी सांगितलं तुला? ओबाईच ना? त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही."
"तू का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर तू मुद्दाम राखाडी घातलं असतंस."
मी वाडग्यातून मान वर केली नाही. ही बाई मला आरपार ओळखते.

६ फेब्रुवारी
समुद्र निवळला. तरंगे लांब गेलेले दिसले, मीही नेहमीसारखा बांधावर जाऊन बसलो. शेजारी कुणीतरी टेकलं. छुनओक! घरातल्या चपला घालून.

"गेली नाहीस?"

"त्या खडकावर मी डोळे मिटून जाईन, मला कशाला हवंय छप्पर? ते मिरानसाठी. आज पहिल्यांदा माझ्याशिवाय गेलीय. मी ओबाईला सांगून टाकलं, आता बास."

हेच ऐकायची इतकी वर्षं आस होती. ऐकलं आणि मलाच रडू आलं. तिने पाहिलं नाही. नजर पाण्यावर, माझी बाही मुठीत घट्ट धरलेली.

"अरे," ती म्हणाली, "काठावर बसून वाट कशी बघतात? मला नाही येत. तू शिकव."