ताईची मोत्यांची माळ

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. माझी तब्येत बरी आहे. आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून तुझी बिघडेल.

माझी पोटगी बंद करण्याच्या माझ्या आधीच्या नवऱ्याच्या अर्जावर काल सुनावणी झाली. रडका चेहरा करून जाऊ नकोस, असं तू बजावलंस, म्हणून तू पाठवलेली मोत्यांची माळ घालून गेले. त्याच्या वकिलाने माळेकडेच बोट दाखवलं. असे मोती घालणाऱ्या बाईला पोटगी कशाला, म्हणाला. माळ बहिणीची आहे म्हटलं, तर नटीला संवाद शिकवावे लागत नाहीत, म्हणाला. सगळे हसले.

पुढची तारीख अठरा. अकरा वर्षं मला काम नाही. पोटगी थांबली तर ही खोली सोडावी लागेल.

तुझी,
छबी

८ मार्च

चि. छबीस,
अनेक आशीर्वाद. त्या वकिलाला त्यातला एकही नाही.

तुझ्या कमाईवर तुझा तो नवरा निर्माता झाला आणि आता वकिलाकरवी तुझ्या गळ्याकडे बोट दाखवतो? मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, ताठ बसा, नीटनेटक्या राहा, लोक मान देतात. मी ते जन्मभर खरं मानलं. पोटगीसाठी निघालेल्या बाईला मेजवानीला निघाल्यासारखं सजवलं. चूक माझी.

अठराला मी येते. गुडघ्यांचं नंतर बघू. माळ घालूनच ये, नाहीतर लपवली म्हणतील.

ती काचेची आहे, छबे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोरा तुटला, तेव्हा सोनाराने सांगितलं. यांच्या पगारात खरी बसत नव्हती आणि हौस तर दांडगी. हे गेले, तरी मी कोणाला कळू दिलं नाही. सगळ्या नातेवाइकांत मिरवली. आता शपथेवर सांगेन. सोनारालाही माळ तपासू दे.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. तू बस पकडायला निघालीस आणि तासाभरात निकाल लागला. त्याचा अर्ज फेटाळला. खोली राहिली.

माळ काचेची निघाल्यावर नवऱ्याला कधी जाब का विचारला नाही, असं वकिलाने तुला खोदून विचारलं. त्यांनी फार हौसेने गळ्यात घातली होती, एवढंच तू म्हणालीस. या वेळी कोणी हसलं नाही.

मी वीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढली, पण रोज घरी येऊन मेकअप पुसत होते. तू कधी पुसलास, ताई?

माळ हवी असेल तर न्यायला स्वतः ये, चार दिवस राहायला. लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही.

तुझी,
छबी