आधी आंघोळ

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण मनात होती ती सगळी तक्रारच. आज लिहितेय, कारण सकाळी तुमच्या नातीचा थायरॉइडचा रिपोर्ट आला. नॉर्मल आहे.

नऊ दिवसांची आहे ती. तिसऱ्या दिवशी नर्सनं तिच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर टिपले. तेवढ्यावरून कळलं, की तिची ग्रंथी नीट चालते. मी त्या टाचेकडे बघतच राहिले.

मला दिवस गेले तेव्हा दुसऱ्याच महिन्यात माझा थायरॉइड मंद निघाला होता. घाबरले होते मी. फतेगंजातल्या डॉक्टरबाईंनी कागदावर फुलपाखरासारखी ग्रंथी काढून दाखवली. गळ्यातली एवढीशी गोष्ट, पण हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, सगळं तिच्या हाती! "पहिले काही महिने बाळाला या ग्रंथीचं रसायन स्वतः बनवता येत नाही," त्या म्हणाल्या, "ते तुमचंच घेतं." माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

मग त्यांनी विचारलं, "कुठल्या केमिकलशी संबंध येतो?"

मी म्हटलं, "माझा नाही. पण माझे वडील वाघोडियाला वायरच्या कारखान्यात होते. प्लास्टिकनं पेट घेऊ नये म्हणून त्यात पावडर मिसळायचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अशा काही पावडरी थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. कपड्यांवरून घरीही येतात. काही नॉनस्टिक भांडी, मऊ प्लास्टिक, घरातली धूळ, यांच्याबद्दलही शंका आहे. पण तुमचा त्रास कशामुळे, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. गोळी चुकवू नका, बाळाला कमी पडणार नाही." पुढे त्यांनी विचारलं, "वडील कामावरून आले की काय करायचे?"

काय सांगणार, बाबा? तेच तर माझं दुखणं होतं.

तुम्ही मागच्या दारानं यायचात. तिथेच अंगणात कपडे उतरवून वेगळ्या बादलीत स्वतः धुवायचात. मी धावत आले की दोन्ही हात वर. "थांब गं चिमे, आधी आंघोळ." शेजारच्या गुजराती मासी तुमच्या स्वच्छतेला हसायच्या, "काका तो बहु चोख्खा." चौथीत चित्रकलेत पहिली आले, त्या दिवशीही थांबवलंत. ओल्या केसांनी बाहेर येऊन चित्र मागितलंत, तोवर मी ते फाडलं होतं. मला वाटायचं, तुम्हाला मी नकोशीच आहे.

हे सगळं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना हे कोणी शिकवलं?"

घरी येऊन आईला तेच विचारलं. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"कोणी नाही. तू सहा महिन्यांची असशील. कामावरून आले, तुला उचलून घेतलं. खाली ठेवलं तर झबल्याच्या पाठीवर त्यांची पाच बोटं उमटलेली, करड्या पावडरीची. किती वेळ त्या झबल्याकडे बघत बसले. मग म्हणाले, 'आजपासून माझे कपडे मी धुणार. तू हात लावायचा नाहीस.'"

ना कोणी सांगितलं, ना कुठे वाचलंत. एका झबल्याकडे बघून तुम्हाला जे उमगलं, ते भलेभले शिकलेले लोक अजून उलगडतायत. हे कसं जमलं तुम्हाला? कितीतरी दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पण मला सांगितलं का नाहीत, बाबा? मी घाबरेन म्हणून? दोन वाक्यं पुरली असती. इतकी वर्षं मी उगाच रुसून बसले.

मीही हिला पुष्कळ गोष्टींपासून अडवणार आहे. तीही रुसेल. पण दर वेळी मी तिला कारण सांगेन, समजो न समजो. आणि सगळ्यांत आधी सांगेन, ते तुमच्या 'आधी आंघोळ'चं.

तुमची,
चिमी