आईची दोन मिनिटं

नाना, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण म्हणणारे तुमच्या ताटाशेजारी जेवायला बसलेले नव्हते. मी बसले आहे, चांगली अठरा वर्षं. आई भाकरी वाढता वाढता काहीतरी सांगायला लागायची, गावाकडचं, तिच्या भावाचं, आणि तिच्या तोंडून "व्हतं" निघालं की तुम्ही चमचा ताटाच्या काठावर वाजवायचात. एकदाच. आई तिथेच थांबायची. "होतं" असं तिने नीट म्हटल्याशिवाय तुम्ही पुढचा घास घेत नव्हतात, आणि तिच्या भावाचं पुढे काय झालं ते राहूनच जायचं. तुम्ही कधी ओरडला नाहीत, हात तर उगारलाच नाही. म्हणून तर हा जुलूम आहे हे मला मोठं होईपर्यंत कळलं नाही.

तुमचं कारण मला माहीत आहे, उगाच समजावू नका. आपल्या वस्तीतले पहिले मास्तर तुम्ही, तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचात. स्टाफरूममध्ये कितीही शुद्ध बोललात तरी कोणीतरी आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग पेपर उघडून बसायचं. एकदाच तुम्ही मला म्हणाला होतात, "आपण तोंड उघडलं की लोक आपल्याला ओळखतात, पोरी. मग पुढचं ऐकतच नाहीत." खरं आहे ते. पण आपल्या घरात पुढचं न ऐकणारं कोण होतं? तुम्हीच ना? रविवारी विहारात बायका माइकसमोर उभ्या राहून बोलायच्या. आई कधी उभी राहिली नाही. तिला आवड नाही, असं तुम्ही परस्पर सांगून टाकायचात.

तुम्ही गेल्यावर सात वर्षांनी मी कोलोनला युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकायला आले. जर्मनीत जाऊन इंग्रजी कसलं शिकतेस, म्हणून सगळे हसले. उच्चारांच्या वर्गात माझ्या शेजारी एक चेक मुलगी बसायची, आम्ही राहायचोही एकाच घरात, स्वयंपाकघर सामायिक. तिच्या भाषेतही आपल्यासारखा एकच व, त्यामुळे इंग्रजीतले दोन व आम्हा दोघींनाही येईनात. हातात छोटे आरसे घेऊन समोरासमोर बसायचं, एकासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्यासाठी ओठांचा चंबू करायचा. ती "बेड"चा उच्चार हमखास "बेट" करायची. शिकवणाऱ्या बाई चुकीला चूक म्हणतच नसत. गेनाऊ, म्हणायच्या, अगदी बरोबर, तुमची भाषा असंच करते, आता आपण दुसरं काहीतरी करून बघू. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भर वर्गात रडू आलं, आणि ते रागाचं होतं. इतकं सोपं होतं, नाना. इतकं सोपं असून तुम्हाला जमलं नाही.

त्याच बाईंनी काम दिलं: घरातल्या, इंग्रजी न शिकलेल्या एखाद्या मोठ्या माणसाचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि त्यातले आवाज लिहून काढा. चेक मुलीने आजीला फोन लावला. आजी प्लमच्या केकवर चाळीस मिनिटं बोलली, थांबेचना. मी आईला लावला. मला नाही बाई बोलता येत, आई म्हणाली, शेजारच्या काकूंना विचार, त्या शुद्ध बोलतात. चार दिवस मी तिची मनधरणी केली. शेवटी एका शनिवारी सकाळी ती तयार झाली, जेमतेम वीस सेकंद बोलली आणि गप्प झाली. पुन्हा काही केल्या बधली नाही. मग मी स्वतःच आईसारखं बोलून दोन मिनिटं भरली, वर मार्कही चांगले मिळवले. आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, चेक मैत्रिणीला, बाईंना, पुढे नवऱ्याला: माझ्या वडिलांनी माझ्या आईचं तोंड शिवून टाकलं.

आज दुपारी जुना लॅपटॉप रिकामा करताना ती फाइल सापडली. तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून ऐकायला घेतली. आई सांगतेय, "आमच्या येळंला शाळा लई लांब व्हती, म्या निम्म्या वाटंतनंच पळून यायची..." आणि हसतेय. इतकी मोकळी हसतेय की क्षणभर मला वाटलं, ही दुसरीच कोणी आहे. तेवढ्यात कोणीतरी तिला थांबवतं. हळू आवाजात, जराही न रागावता.

"होती, आई. आणि म्या नाही, मी."

"हां. होती," आई म्हणते. मग अगदी पाहुण्यांशी बोलावं तसं, "झालं का गं तुझं काम?"

मी ते तीनदा ऐकलं. तुमच्यावरचा राग काही कमी झालेला नाही, नाना, तसं समजू नका. पण तो आवाज तुमचा नाही, तुम्हाला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी हा शेवटचा भाग मी तुम्हाला वाचू दिला नसता. इतकी वर्षं मी प्रत्येकाला तुमचं नाव सांगितलं, आईसमोरसुद्धा. ती ऐकत बसायची. मला तिने कधीच दुरुस्त केलं नाही.