शेवटची पिशवी

प्रिय ताई,

आज दुपारी तुझा तराजू माझ्या घरी आला. तुझ्या सुनेने, नीताने, तो जिना चढून आणला आणि विचारलं, "मामा, माळ्यावर टाकू की तुमच्याकडे राहू दे?" म्हणून हे पत्र. तुला जाऊन वर्षही झालं नाही, आणि तराजू माळ्यावर?

उद्या आपल्या बिल्डिंगच्या ग्राहक गटाची बैठक आहे. गट ठेवायचा की मोडायचा, ते ठरेल. डोंबिवली स्टेशनजवळच्या एका नव्या दुकानदाराने कळवलंय, वाणसामान निवडून, पाकिटं भरून घरपोच देतो, तेही स्वस्तात. मग ठाण्याहून गोणी आणून गच्चीवर वाटत कोण बसणार?

त्याच गच्चीवर माझी व्याख्यानं चालायची, आठवतं? वागळे इस्टेटमधला सातवी पास फिटर मी, पण वाचनालयातली अर्थशास्त्राची पुस्तकं तळटिपांसकट वाचलेली. भांडवलशाही स्वतःच्याच ओझ्याने कोसळणार, हे मी सिद्ध करून दाखवायचो. तू सुपातून मान वर न करता म्हणायचीस, "कोसळेल तेव्हा कोसळेल रे वसंता. तोवर ही तूरडाळ घे निवडायला."

कोसळला तो रशिया. मग आमचा कारखाना. भांडवलशाहीला साधा खोकलाही झाला नाही.

तुझा नियम मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. जो सामान वाटून देईल, त्याने आपली पिशवी शेवटी उचलायची. रिकाम्या तराजूचा काटा मध्यावर थांबल्याशिवाय तू गोणी उसवू द्यायची नाहीस, आणि तरीही एका दिवाळीला तुझ्या वाट्याला गुळाचा नुसता चुरा आला. भावजी चिडले, "वाटणारीच्याच घरी चुरा?" तू म्हणालीस, "म्हणून तर पुढच्या महिन्यात पुन्हा मलाच वाटायला सांगतील."

त्या दुकानदाराने नमुन्याचं पाकीट दिलंय. मी ते तुझ्या तराजूत घातलं. पारडी बदलून पुन्हा घातलं. वजन बरोबर. डाळीत एक खडा नाही. तेव्हापासून मला जास्तच शंका येतेय.

नीता हसली. "मामा, वजन कमी निघायला हवं होतं ना तुम्हाला?"

"आज स्वस्त देतोय. गट मोडल्यावर?"

"महाग केलं तर दुसरं दुकान बघू."

"आणि दुसरं दुकानही त्याचंच निघालं तर?"

"मामा, मी सातला घर सोडते. डाळ निवडायला तुम्ही बसता का?"

ताई, हा प्रश्न तू मला इतक्या वर्षांत जरा मोठ्याने का विचारला नाहीस?

माझं आता असं मत झालंय की ही व्यवस्था कोसळणार नाही. ती रोज आपल्या दारात नीटनेटकी पिशवी ठेवून जाईल, आणि एकमेकांसाठी वाटायचं कसं, हे आपण विसरून जाऊ. त्या दुकानात शेवटची पिशवी कोण उचलतो, हे आपल्याला कधी दिसणार आहे का?

उद्या मी भाषण करणार नाही. चष्मा लावून सूप घेऊन बसेन. चार घरं उरली तर चार घरांचं वाटेन. काटा मध्यावर थांबल्याशिवाय गोणी उसवणार नाही, आणि चुरा आला तर मुकाट्याने घरी नेईन. तराजू माळ्यावर जाणार नाही, हा माझा शब्द.

तुझा,
वसंता